ढगावर बॅटरी, सावलीवर शेजारी

द्राक्षबागेत सोलरवर चालणारे सेन्सर नोड लावले की पहिल्याच हंगामात एक गोष्ट कळते, ऊन सगळ्यांना सारखं मिळत नाही. बाग एकच, नोड एकाच दिवशी बसवलेले, पॅनल एकाच मापाचे, बॅटऱ्या एकाच खोक्यातल्या, आणि तरी बांधाकडचा नोड सकाळी अकराच्या आसपास बॅटरी फुल करून मोकळा होतो, तर त्याच्यापासून वीस मीटरवर मांडवाच्या आत बसलेला नोड दिवसभर पानांतून गळून येणाऱ्या कवडशांवर जेमतेम तग धरतो आणि दोन-तीन आठवड्यांनी मान टाकतो. बांधावरच्याची गंमत अशी की अकरानंतर त्याच्या पॅनलवर पडणारं ऊन चक्क वाया जातं. बॅटरी भरली की चार्जिंगचं सर्किट करंट घेणंच बंद करतं, पॅनल नुसतं तापत बसतं.

हे मामांना सांगितलं (बाग त्यांची, दिंडोरी तालुक्यात, उद्योग माझा) तर ते लगेच म्हणाले, "अरे मग बांधावरचा आतल्याला देत का नाही? त्याला जास्तीची होतीये ना?"

प्रश्न इतका सरळ आहे की हसू येतं, पण ह्याच प्रश्नावर गेली पंधरा-वीस वर्षं जगभर पेपर लिहिले जातायत, एनर्जी शेअरिंग, एनर्जी कोऑपरेशन अशा नावांनी. आणि उत्तर तितकं सरळ नाहीये, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहून काढू.

आधी नोड म्हणजे काय ते थोडक्यात. एक छोटा मायक्रोकंट्रोलर, एक रेडिओ, एक-दोन सेन्सर (माझ्याकडे मातीतला ओलावा, पान ओलं आहे का ते, तापमान, आर्द्रता), एक छोट्या डब्यात मावेल एवढी लिथियम बॅटरी आणि वर १ वॉटचं पॅनल. दर पंधरा मिनिटांनी मोजायचं, पाठवायचं, झोपायचं. सगळ्यांना गेटवेपर्यंत (सगळ्या नोडांचा डेटा गोळा करून इंटरनेटवर चढवणारा मुख्य डबा) थेट पोचता येत नाही, मध्ये शेड येतं, चढ येतो, ओल्या पानांची भिंत येते, म्हणून काही नोड दुसऱ्यांचा डेटा पुढे ढकलतात. ही ढकलाढकली लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ तिथंच आहे.

द्राक्षात सावलीचा एक हंगामी प्रकार आहे जो कुठल्या पेपरात मी वाचलेला नाही. ऑक्टोबर छाटणी झाली की बाग उघडी बोडकी, ओलांडे आणि काड्या दिसतायत नुसत्या, आतल्या नोडलाही बांधावरच्याइतकंच ऊन. मग डोळे फुटतात, शेंडे वाढतात, आणि दीड-दोन महिन्यांत मांडव असा भरतो की खाली दुपारीही गारवा. म्हणजे नोड तोच, जागा तीच, आणि त्याची कमाई दोन महिन्यांत दहा टक्क्यांवर आलेली. आणि नेमका हाच काळ डाऊनीचा, म्हणजे ओल्या पानांवर येणाऱ्या बुरशीजन्य रोगाचा. पान किती तास ओलं राहिलं, रात्री तापमान काय होतं, हे कळायला हवं असतं तेव्हाच नोडचा जीव अर्धा झालेला असतो. त्यात भर म्हणजे बोर्डो. मोरचूद-चुन्याची फवारणी झाली की ब्लोअरचा फवारा पॅनलवर पण बसतो, वाळला की निळसर पांढरा पापुद्रा, आणि तो नुसत्या पाण्याने जात नाही, फडक्याला थोडं व्हिनेगर लावून पुसावा लागतो. बाग भरल्यावर मांडवाखाली वाकून प्रत्येक पॅनल पुसत बसणं हा कंबरेचा कार्यक्रम आहे. आता काही बागांवर प्लास्टिकचं आच्छादन आलंय, तिथं उजेडाचं गणित अजून वेगळं.

पॅनलबद्दल अजून एक, म्हणजे लहान पॅनलमध्ये सेल एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले असतात, त्यामुळे एका सेलवर पानाची सावली पडली तरी सगळ्या रांगेचा करंट त्या एका सेलच्या लायकीवर येतो. पाव पॅनल झाकलं तर पाव वीज कमी झाली असं होत नाही, बरीच जास्त जाते.

बरं, मग द्यायची कशी वीज एका नोडने दुसऱ्याला?

पहिलं जे सगळ्यांच्या डोक्यात येतं ते वायरलेस. रेडिओ आहेच ना दोघांकडे, मग त्यावरूनच पाठव. हिशोब करून बघू, फार अवघड नाहीये. आपल्याकडे ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लायसन्सशिवाय ट्रान्समिटरला १ वॉट आणि अँटेनाचा फायदा धरून ४ वॉटपर्यंत मुभा आहे. एवढी पूर्ण ताकद लावली, मधे एक पानही नाही असं धरलं, आणि समोरचा नोड १० मीटरवर असला, तर साध्या अँटेनाच्या हाती येतात शंभर मायक्रोवॉटच्या आतबाहेर. ती रेडिओलहर परत डीसी करायची म्हणजे रेक्टिफायर आला, इतक्या कमी ताकदीवर तो निम्म्याहून जास्त खातो, उरले तीस-चाळीस मायक्रोवॉट. आता नुसता झोपलेला नोड, काहीही न करणारा, २० मायक्रोअँप घेतो, ३.३ व्होल्टवर म्हणजे ६६ मायक्रोवॉट. म्हणजे शेजाऱ्याने दिवसभर पूर्ण ताकदीने वीज ओतली तरी ह्याची झोपसुद्धा भागत नाही. आणि तिकडे शेजारी तो १ वॉट हवेत सोडायला बॅटरीतून दोन-अडीच वॉट खर्च करतोय. लाखातले एक-दोन भाग पोचले, बाकी द्राक्षांना रेडिओलहरींचा शेक.

ह्यावर कोणीतरी अमेरिकेतल्या एमआयटीचं उदाहरण देतंच. २००७ मध्ये तिथल्या लोकांनी दोन कॉइल एकाच फ्रिक्वेन्सीला जुळवून २ मीटरवरचा ६० वॉटचा बल्ब पेटवला होता, कार्यक्षमता साधारण ४० टक्के. खरं आहे, भारीच काम आहे, पण त्या कॉइल जवळपास दोन फूट व्यासाच्या होत्या आणि अंतर २ मीटर. माझे नोड वीस-पंचवीस मीटरवर. जवळच्या क्षेत्रातलं हे प्रकरण कॉइलच्या आकाराच्या काही पटींपलीकडे गेलं की धाडकन कोसळतं. मग काही संशोधकांनी उलटा विचार केला की वीज पोचत नाही ना, तर चार्जर घेऊन एक गाडीच नोडपासून नोडपर्यंत फिरू दे. तिच्या मार्गाचं, वेळापत्रकाचं भरपूर गणित झालंय. बागेत ब्लोअरचा ट्रॅक्टर तसाही फिरत असतोच, पण ट्रॅक्टरवाल्याला प्रत्येक नोडपाशी तासभर थांब म्हणून सांगायची माझी छाती नाही.

वायर मात्र वेगळी गोष्ट आहे. वायर बिचारी जुनी, तिच्यावर कोणी पेपर लिहीत नाही, पण १ चौरस मिलिमीटरची तांब्याची दोन कोअर केबल २० मीटर टाकली तर जाऊन येऊन रोध ०.७ ओहम, त्यातून १०० मिलिअँप सोडले तर पडणारा व्होल्टेज सात शतांश. ६ व्होल्टच्या पॅनलला हे एक टक्का. कुठे लाखात दोन भाग आणि कुठे शंभरातले नव्व्याण्णव! म्हणून जिथे जमतं तिथे मी बांधावर किंवा मांडवाच्या वर काढलेल्या पॅनलवरून आतल्या नोडला वायरच दिलीय, ड्रिपच्या लॅटरलला बांधून, जमिनीपासून वर. वायरचे शत्रू तीन, उंदीर, छाटणीची कात्री आणि ट्रॅक्टरचं मागचं चाक, आणि तिघंही आपापल्या हंगामात येऊन जातात.

वायरने वाटताना एक पाळायचं, शेअर पॅनलच्या बाजूने करायचं, बॅटरीच्या बाजूने नाही. दोन लिथियम सेल वेगवेगळ्या चार्जवर असताना थेट समांतर जोडले की भरलेला रिकाम्यात असा ओततो की मधली वायर गरम होते, आणि उद्या एक सेल आतून शॉर्ट झाला तर तो दुसऱ्यालाही घेऊन बुडतो. त्यापेक्षा पॅनल सामायिक, प्रत्येक नोडचं चार्जिंग सर्किट आणि बॅटरी आपापली, आणि मधे एक शॉट्की डायोड म्हणजे करंट उलटा फिरणार नाही. डायोड ०.३ व्होल्ट खातो, खाऊ दे. (मामांनी विचारलं होतं की मांडवाच्या तारा आहेतच की सगळीकडे, त्यातूनच सोड. मोह होतो खरा. पण त्या तारा प्रत्येक अँगलला बांधलेल्या, अँगल जमिनीत, म्हणजे सगळ्याचं अर्थिंग झालेलं, वर फवारणीचं पाणी, गंज. नको.)

कपॅसिटरवाल्यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी कारण ती मला ह्या सगळ्यात सगळ्यात हुशार वाटते. २०१० मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या गटाने ईशेअर नावाची सिस्टीम मांडली. त्यांनी बॅटरीऐवजी अल्ट्राकपॅसिटर घेतले. बॅटरी काही शे चार्ज सायकलनंतर म्हातारी होते, कपॅसिटर लाखो सायकल चालतो. पण त्याला खोड अशी की तो गळतो, आणि जितका जास्त भरलेला तितका जास्त गळतो. म्हणजे भरलेल्या कपॅसिटरने वीज धरून ठेवण्यात स्वतःचाच तोटा, आज दिली नाही तर उद्यापर्यंत ती तशीही नाहीशी होणार. तर मग शेजाऱ्याला दे. तिथे वाटणं हा चांगुलपणा नाही, सरळ हिशोब आहे. आणि हो, त्यांनीही एकमेकांत वीज न्यायला वायरच वापरली होती.

माझ्या बांधावरच्या नोडचंही अकरानंतर तेच होतं ना, फुल बॅटरीला येणाऱ्या उन्हाची किंमत शून्य. म्हणून पोचण्यात थोडीफार गळती झाली तरी वाटणं परवडतं. पण "थोडीफार" म्हणजे निम्मी, फारतर तीन चतुर्थांश. लाखातले दोन भाग नव्हे.

आता मुद्द्यावर येतो. शेअरिंगवरचं बरंचसं वाचन केल्यावर मला असं वाटायला लागलंय की लोक दोन वेगळ्या टंचाया एकत्र करून बोलतात. एक टंचाई सावलीची. ती जागेप्रमाणे बदलते, माझ्याकडे नाही तेव्हा शेजाऱ्याकडे असते. दुसरी टंचाई ढगाची. ती वेळेप्रमाणे बदलते, आणि माझ्याकडे नसते तेव्हा कोणाकडेच नसते, कारण ढग एका नोडपुरता येत नाही, अख्ख्या तालुक्यावर येतो. जुलै-ऑगस्टमध्ये सलग आठ दिवस आभाळ भरलेलं असताना कितीही छान शेअरिंग अल्गोरिदम लावा, वाटायला आहे काय? त्यावर उपाय एकच, मोठी बॅटरी आणि काटकसर. उलट सावलीवर मोठी बॅटरी लावून उपयोग नाही, कारण सावलीतला नोड रोजच तोट्यात आहे, बॅटरी दुप्पट केली तर तो दुप्पट दिवसांनी मरेल एवढंच. त्याला शेजारीच हवा. सिम्युलेशन करताना बऱ्याचदा प्रत्येक नोडला ऊन स्वतंत्रपणे, फासे टाकल्यासारखं येतं असं धरतात आणि मग शेअरिंगचा फायदा भरघोस दिसतो. पावसाळ्यातल्या शेतात ते फासे सगळ्यांचे एकत्र पडतात.

केरळात मुन्नारजवळ अँथोनियार कॉलनीत अमृता विद्यापीठाने दरड कोसळण्याची आगाऊ सूचना देणारं सेन्सर नेटवर्क उभं केलंय, डोंगरात खोल पुरलेले सेन्सर आणि वर सोलर. तिथं ही ढगाची टंचाई अगदी टोकाची आहे, कारण दरडीचा धोका असतो तेव्हाच धो-धो पाऊस, म्हणजे ज्या दिवशी माहिती सगळ्यात जास्त हवी त्याच दिवशी ऊन नाही. अशा ठिकाणी कोरड्या दिवसांत कमी मोजायचं आणि पाऊस वाढला की मोजणी वाढवायची, म्हणजे आधीच्या दिवसांची बचत त्या दिवसांसाठी ठेवायची, हाच रस्ता. शेजाऱ्याच्या भरवशावर राहून चालत नाही, तोही त्याच पावसात उभा.

तर सावलीपुरतं बोलू. वायर जिथे जाते तिथे दिली. जिथे नाही जात तिथे काय? तिथे वीज न्यायचीच नाही, काम न्यायचं.

हे समजायला फड पद्धतीसारखं उदाहरण नाही. आपल्या नाशिक-धुळ्याकडे पांझरा, मोसम ह्या नद्यांवरच्या बंधाऱ्यांखाली ही पद्धत शेकडो वर्षं चालत आली. भिजणाऱ्या जमिनीचे मोठे तुकडे, म्हणजे फड, पाडलेले, आणि एका फडात एकच पीक. पाणी किती आहे ते बघून ह्या वर्षी ऊस कुठल्या फडात, हंगामी पीक कुठल्यात, पाणी कमी असेल तर कुठला फड पडीक ठेवायचा हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं, आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असल्यामुळे एकट्याचं कोणाचं मरण नाही. पाणी शेवटच्या टोकाला रेटत न्यायचा खटाटोप करण्यापेक्षा तहानलेलं पीकच पाण्याच्या सोयीने लावायचं. मातीच्या पाटातून पाणी लांब नेलं की निम्मं वाटेतच मुरतं हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. वायरलेसने वीज पाठवणं म्हणजे मे महिन्यात कच्च्या पाटाने टेलच्या शेतकऱ्याला पाणी पाठवणं आहे.

नोडमध्ये ऊस कुठला? म्हणजे जास्त पिणारं काम कुठलं? नव्या माणसाला वाटतं पाठवणं. नाही. ऐकणं.

हे आकडे बघा. जुन्या नेटवर्कमध्ये सीसी२४२० नावाची रेडिओ चिप सगळीकडे असायची, तिच्या डेटाशीटमध्ये पाठवताना १७.४ मिलिअँप आणि ऐकताना १८.८. ऐकणं महाग! आज मी लोराची (कमी विजेत लांब पोचणारं रेडिओ तंत्र) एसएक्स१२७६ चिप वापरतो, ती ऐकताना ११ मिलिअँपच्या आसपास घेते आणि पूर्ण ताकदीने पाठवताना १२०. वरवर पाहता पाठवणं दहापट महाग. पण पाठवणं चालतं किती वेळ? वेगवान सेटिंगला एक छोटं पॅकेट साठ-सत्तर मिलिसेकंदांत हवेत जातं. दर पंधरा मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला ९६ पॅकेट, सगळं मिळून सहा-सात सेकंद, बॅटरीतून गेले ०.२ एमएएच (मिलिअँप गुणिले तास, बॅटरीतली वीज मोजायचं माप). सर्वात संथ सेटिंगला तेच पॅकेट दीड सेकंद घेतं, तरी दिवसाचे पाचच एमएएच. झोपेचे अर्धा एमएएच. सेन्सरला जागं करून मोजायचे अजून एक-दोन. म्हणजे फक्त स्वतःपुरतं जगणारा नोड दिवसाला दोन-तीन एमएएचमध्ये भागवतो. आणि तोच नोड जर दुसऱ्याचं पॅकेट कधी येईल म्हणून दिवसभर कान उघडा ठेवून बसला, तर ११ गुणिले २४, २६४ एमएएच. शंभरपट.

कमाईच्या बाजूला १ वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात साधं चार्जिंग सर्किट धरून दिवसाला सात-आठशे एमएएच देतं. सावलीत त्याचे दहा टक्के धरले तर सत्तर-ऐंशी. बोर्डोचा पापुद्रा धरून अजून निम्मे करा, चाळीस. म्हणजे सावलीतला नोड स्वतःपुरता आरामात श्रीमंत आहे! त्याला कोणी वीज द्यायची गरजच नव्हती, त्याच्या डोक्यावरून दुसऱ्यांसाठी जागत बसायचं काम काढून घ्यायची गरज होती. आणि बांधावरच्याला २६४ चा खर्च सातशेच्या कमाईत सहज परवडतो, तशीही अकरानंतरची वीज फुकट चालली होती. एकही इलेक्ट्रॉन इकडून तिकडे गेला नाही आणि शेअरिंग झालं.

(एक सूचना. वरचा हिशोब तयार डेव्हलपमेंट बोर्डाला लागू नाही. त्यावर एक लाल एलईडी कायम जळतो, यूएसबीची चिप जागी असते, स्वस्तातला रेग्युलेटर असतो, झोपेतही काही मिलिअँप जातात. ५ मिलिअँप धरले तर दिवसाला १२० एमएएच, काहीही न करता. आधी तो एलईडी उपटा, मग अल्गोरिदमबद्दल बोलू.)

ही कल्पना काही माझी नाही. २००० साली एमआयटीतून लीच नावाचा प्रोटोकॉल (नोडांनी आपसात बोलायचे नियम) आला त्यात नोडांच्या टोळक्याचा म्होरक्या पाळीपाळीने बदलायचा, कारण म्होरक्याचं काम बॅटरी खातं. पण तिथे सगळे सारख्या बॅटरीवर, ऊन नाही, म्हणून पाळी सगळ्यांना सारखी. सोलर आलं की पाळी सारखी ठेवणं हाच अन्याय होतो, ज्याच्याकडे ऊन त्याने जास्त जागावं हे बरोबर. पुढे २०१२ मध्ये आरपीएल ह्या राऊटिंग प्रोटोकॉलचं स्टँडर्ड आलं तेव्हा त्याच्या सोबतच्या कागदपत्रात नोडने आपली वीज कुठून येते हे शेजाऱ्यांना सांगायची सोयच करून ठेवली, मेनवर आहे, बॅटरीवर आहे की आजूबाजूने गोळा करून जगतोय. दोन बिटांत नोडची आर्थिक परिस्थिती! आणि कान्सल, श्रीवास्तव वगैरे लॉस एंजलिसच्या विद्यापीठातल्या मंडळींनी २००७ च्या सुमाराला एनर्जी न्यूट्रलची कल्पना नीट मांडली, म्हणजे नोडने बॅटरी किती दिवस पुरेल हे विचारू नये, कमाईइतकाच खर्च ठेवावा म्हणजे कायमचं चालेल. आपल्याकडच्या कुठल्याही मध्यमवर्गीय घरात हे न सांगता कळतं, पण गणितात बसवायला हुशारी लागते.

बेंगळुरूच्या आयआयएससीमधलं कामही जवळचं आहे. तिथे पाडकंडला, प्रभुचंद्रन आणि भटनागर ह्यांनी एक सोलर स्रोत आणि त्यावर अवलंबून असलेले अनेक नोड असा प्रश्न घेतला. प्रत्येक नोडकडे डेटाची रांग साठतेय, साठ्यात वीज मर्यादित, पुढे ऊन येईल का माहीत नाही, आत्ता कोणाला किती द्यायची म्हणजे एकूण ताटकळणं कमीत कमी होईल. हे त्यांनी क्यू-लर्निंगने सोडवलं, म्हणजे उन्हाचं आणि डेटाचं गणित आधी माहीत नसताना अनुभवावरून शिकत जायचं. माझ्या सामायिक पॅनलवरच्या नोडांचं हेच चित्र आहे, फक्त माझ्याकडे क्यू-लर्निंगच्या जागी तीन इफ आणि एक एल्स आहे (प्रोग्रॅममधल्या साध्या 'असं असेल तर हे कर, नाहीतर ते' अशा ओळी), आणि इतक्या छोट्या बागेला ते पुरतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

नाशकात सुला वाइनयार्ड्समध्ये आयआयटी मुंबईच्या लोकांनी अ‍ॅग्रिसेन्स नावाचं नेटवर्क लावून कधीचं बघितलंय, म्हणजे आपल्या भागातल्या द्राक्षांना हे काही नवीन नाही. नवीन एवढंच की आता सुटे भाग ऑनलाइन घरपोच मिळतात आणि माझ्यासारखा रिकामटेकडाही हे करू शकतो.

प्रत्यक्षात काम वाटायला गेलं की अडचणी बारीक बारीक निघतात. पहिली, कोण श्रीमंत आहे हे ओळखायचं कसं? बॅटरीचा व्होल्टेज पाठवणं सगळ्यात सोपं, पण लिथियम सेल मधला बराच काळ ३.६ ते ३.९ मध्येच घोटाळतो, त्यावरून पोट किती भरलंय कळत नाही. त्यापेक्षा आज पॅनलकडून किती करंट आला ते मोजणं बरं, आयएनए२१९ ची छोटी चिप लावली की रोजची कमाई कळते आणि पॅकेटमध्ये एका बाइटमध्ये बसते. अजून भारी खूण म्हणजे बॅटरी किती वाजता फुल झाली. जो अकराला फुल तो श्रीमंत, जो चारला फुल तो बेताचा, जो होतच नाही त्याला त्रास देऊ नका. त्यात अख्ख्या दिवसाचं ऊन, सावली, धूळ, बोर्डो सगळं आपोआप येतं.

दुसरी अडचण सगळ्यात मजेशीर. सगळे गरीब नोड एकदम सगळ्यात श्रीमंत नोडकडे धावले की तो दोन दिवसांत गरीब होतो, मग सगळे दुसऱ्याकडे पळतात, पहिला पुन्हा श्रीमंत होतो, परत सगळे त्याच्याकडे. प्रत्येक पळापळीत शोधाशोधीची पॅकेटं जातात आणि तीच वीज खातात. म्हणून बदलायला उंबरठा ठेवायचा, नवीन शेजारी नुसता चांगला असून भागणार नाही, बराच चांगला हवा आणि सलग काही दिवस हवा. माझ्याकडे सूर्य मावळल्यावर दिवसातून एकदाच निर्णय होतो, मधे कोणी काही म्हणो. छाटणीनंतर सावली हळूहळू वाढते, तासाभरात नाही, त्यामुळे एवढा संथपणा चालतो.

आणि ढगाळ आठवड्यात श्रीमंतालाही २६४ परवडत नाही. २६०० एमएएचचा सेल म्हणजे कागदावर दहा दिवस, प्रत्यक्षात कमीच. तेव्हा जागणाऱ्यानेही पूर्ण वेळ न जागता ठरलेल्या वेळी उठायचं. त्यासाठी सगळ्यांची घड्याळं जुळलेली हवीत, आणि घड्याळाचा स्वस्तातला क्रिस्टल २० पीपीएमचा (दहा लाखांत वीस भाग चुकणारा) असला तर दिवसाला पावणेदोन सेकंद इकडे-तिकडे होतो, दोन नोड उलट दिशांना सरकले तर साडेतीन. म्हणून रोज एकदा वेळ जुळवून घ्यायची आणि थोडं आधी उठायचं. ऐकण्याची खिडकी प्रत्येक पंधरा मिनिटांत दहा सेकंदांवर आणली तर २६४ चे तीन एमएएच होतात. मग कायमच असं का नाही करत? कारण ऊन असताना कान उघडा ठेवला की नवा नोड लगेच सापडतो, पॅकेट हुकलं तर लगेच परत मागता येतं, दुरून सॉफ्टवेअर बदलायचं असलं तर दुपारी बारा ते तीनमध्ये उरकता येतं, सगळ्यांच्या बॅटऱ्या भरलेल्या असताना. फुकटचं ऊन आहे तोवर उधळावं.

ह्या सगळ्यात एक प्रश्न कुठल्याच पेपरात नव्हता. बागेच्या पश्चिमेला सगळ्यात भक्कम जागा, दिवसभर ऊन, गेटवे समोर दिसतो, तो खांब शेजारच्या काकांच्या हद्दीत. नोड माझा, पण उभा त्यांच्या बांधावर, आणि आतल्या सगळ्या नोडांचं जागायचं काम त्याच्यावर टाकायचं तर तो तिथून हलायला नको, कोणी काढून ठेवायला नको. काकांना सांगायला गेलो, मामा बरोबर. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, खांबाकडे बघितलं आणि म्हणाले, "यंत्र तुझं, पण ऊन माझ्या बांधावरचं. मग पानं ओली आहेत का ते माझ्या मोबाईलवर पण दिसायला पाहिजे."

दिलं लॉगिन. त्यांच्या बागेसाठी पानांच्या ओलाव्याचा एक सेन्सरही जोडून दिला त्याच नोडला, त्याचे दिवसाचे एमएएच एकापेक्षा कमीच. आता फवारणीच्या दिवसांत पहाटे पाचला त्यांचा फोन येतो की आकडा मागच्या अर्ध्या तासापासून बदललेला नाही, बघ जरा, आणि मामांच्या आधी त्यांनाच कळलेलं असतं.